उजवा स्पीकर

त्या रविवारी सकाळी मी एका धडधाकट स्पीकरचं पोट फाडलं. मागची फळी काढली, आतला कापूस ओढून बाहेर घेतला, तारा सोडवल्या आणि हॉलभर सगळं पसरून मधोमध मांडी घालून बसलो. बायको पोह्याची बशी घेऊन आली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती तशीच उभी राहिली.

"काय झालंय त्याला?"

"उजवा मेला."

"काल तर चांगला बोंबलत होता."

"काल होता. आज नाही."

तिनं बशी माझ्या हातात दिली आणि निघून गेली. आमच्या घरात स्पीकर मरणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण मेलेला स्पीकर उघडल्यावर आत काहीतरी जळालेलं, तुटलेलं, निदान झुरळानं खाल्लेलं तरी सापडतं. याच्या आत सगळं शोरूममधून आणल्यासारखं होतं. मी पोहे खाल्ले, स्पीकर परत शिवला आणि दोन्ही स्पीकरच्या जागांची अदलाबदल केली. उजवा डावीकडं, डावा उजवीकडं. दोष स्पीकरमधे असेल तर तो आता डावीकडं जायला हवा, हे कुणालाही कळेल.

दोष हलला नाही. गाणं अजूनही डावीकडंच कललेलं होतं, उजवीकडं नुसती भिंत.

शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी कपाट हलवलं. मला वाटलं, कपाटामुळं त्या बाजूचा आवाज गिळला जातोय.

हे कपाट म्हणजे आमच्या घरातलं दुसरं बिऱ्हाड. अशी दोन आहेत, दोन्ही रेकॉर्डींनी भरलेली. पहिली रेकॉर्ड मी कॉलेजात असताना शहागंजच्या बाजारात घेतली. एक जुनं हॉटेल बंद पडत होतं आणि तिथल्या रेकॉर्डी गोणपाटावर मांडून विकायला बसले होते. मी ऐटीत एक उचलली. घरी आल्यावर लक्षात आलं, आपल्याकडं वाजवायला काहीच नाही. दीड वर्ष मी ती रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात धरून नुसती बघायचो. वडील एकदा मागं येऊन उभे राहिले.

"नुसतं बघून काय कळतं रे?"

"कुठं शांत आहे आन् कुठं जोरात आहे ते दिसतं."

ते आईला जाऊन म्हणाले, याचं लग्न लवकर करावं लागेल.

लग्न झालं, पण आजार गेला नाही. उलट वाढून डीजेपर्यंत गेला. आता आमच्या भागात डीजे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. ट्रकभर स्पीकर, खिडक्यांच्या काचा हलतात, म्हातारी माणसं छातीला हात लावून आत जातात. माझं तसं नाही. रेकॉर्ड फिरवायची माझी दोन टर्नटेबलं आणि मधे दोन्हींचा आवाज मिसळणारं एक छोटं मिक्सर, सगळं एका टेबलावर मावतं. पहिल्यांदा एका हळदीत गेलो तेव्हा नवरदेवाच्या चुलत्यानं माझ्या मागं लांबवर बघत विचारलं होतं, "आन् गाडी कुठाय?" मी फक्त नात्यातल्या कार्यात वाजवतो. हळद, बारसं, कुणाची साठी. लोक बोलावतात, कारण मी सांगितल्यावर येतो आणि जेवून जातो.

यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका टर्नटेबलावरचं गाणं मांडवात वाजत असतं, तेवढ्यात दुसऱ्यावरचं गाणं मी हेडफोनवर गुपचूप तयार करतो. त्यासाठी हेडफोन एकाच कानावर घ्यायचा. एक कान येणाऱ्या गाण्याला, एक कान मांडवाला. दोन्हीकडचे ठेके जुळले की हळूच एकातून दुसऱ्यात जायचं. नाचणाऱ्या बायकांना गाणं बदलल्याचं चार पावलं पुढं गेल्यावर कळतं. ते बघण्यासाठी मी इतकी वर्षं पाठ मोडून पेट्या वाहिल्या. येणारं गाणं मी कायम उजव्या कानात घेत आलो.

तर कपाट हलवूनही फरक पडला नाही. शिवाय उजवीकडून एक बारीक घूं असा आवाज यायला लागला होता. रेकॉर्डवाल्या माणसाला घूं ऐकू आली की एकच सुचतं, अर्थिंग. मी मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं. शेजारचे काका भिंतीवरून बघत होते.

"काय पेरलं?"

"अर्थिंगला पाणी घातलं."

"उगवलं की सांगा."

आत आलो. घूं चालूच. ॲम्प्लिफायर बंद केला, घूं चालू. टर्नटेबलची वायर काढली, घूं चालू. शेवटी मीटरजवळचं मेन स्विच खाली ओढलं. पंखा फिरत फिरत थांबला, फ्रीज गप्प झाला, आतून बायको ओरडली की कणीक मळतेय, लाईट का घालवली. आणि त्या सगळ्या शांततेत, उजवीकडं, लांब कुणाच्या तरी घरी कुकर शिट्टीवर आल्यासारखी ती घूं चालूच होती.

मी स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. मग मी स्विच वर केलं आणि स्वतःला सांगितलं, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर असणार.

माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो बघा. सोमवारी सांगितलं, आंघोळीच्या वेळी कानात पाणी गेलं. मंगळवारी सांगितलं, सर्दी. मी बिडकीनला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथं फोन उजव्या कानाला लावला आणि समोरचा बोलतच नाही म्हणून त्याला तीनदा झापलं. चौथ्यांदा फोन डावीकडं नेला तेव्हा तो मला शिव्या देत होता. तेव्हासुद्धा मी म्हणालो, हँडसेट खराब आहे. मला काहीही खराब चाललं असतं. कंपनीचा फोन, घरातली वायर, मराठवाड्याची वीज, काहीही.

बुधवारी हाफ डे टाकला आणि ॲम्प्लिफायर घेऊन शहागंजात गेलो. तिथं एक म्हातारे मेकॅनिक आहेत. माझी सगळी यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलीत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"क्या तोड़ के लाए जी?"

"उजवा चॅनल गेलाय, चाचा."

त्यांनी माझा ॲम्प्लिफायर त्यांच्या स्पीकरला जोडला, त्यांचीच एक घासलेली रेकॉर्ड लावली आणि मान तिरकी करून ऐकलं. "बराबर तो है. दोनों चल रै."

"उजवा नाही चालत, चाचा. ऐका की."

त्यांनी एक हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला. "बोलो."

"डावा चालू. उजवा बंद."

त्यांनी हेडफोन उलटा फिरवून परत चढवला. म्हणजे आता उजव्याचा डावा झाला होता. "अब?"

"डावा चालू," मी म्हणालो, "उजवा बंद."

हे तोंडातून निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं, अर्थात डाव्या कानानं. चाचांनी हेडफोन काढून घेतला. मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं आणि माझ्या उजव्या कानाजवळ नेलं. मी डोळे तिरके करून बघत होतो. सेकंदाचा काटा टुणटुण उड्या मारत पळताना दिसत होता. आवाज नव्हता. एवढंसं घड्याळ, कानापासून चार बोटांवर, आणि काटा मुका.

"सुनाय दे रा?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मशीन में कुछ बी नै हुआ," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मशीन घर लेके जाव. तुम डॉक्टर के पास जाव. आजच जाव. कल नक्को."

दुकानातून बाहेर आलो. शहागंजातला तो गोंगाट, हातगाडे, हॉर्न, भाव ओरडणारे, सगळं माझ्या डावीकडं गोळा झालं होतं. उजवी बाजू कुणीतरी कापून नेल्यासारखी. एक रिक्षा उजवीकडून अंगाला घासून गेली, ती मला पुढं गेल्यावर दिसली. रिक्षावाला मागं वळून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण समजलं. मी ॲम्प्लिफायर छातीशी धरून एका बंद शटरच्या पायरीवर बसलो. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, वजनानं थकलाय बिचारा.

डॉक्टरकडं मी त्या दिवशी गेलो नाही. कारण विचाराल तर, दुसऱ्या दिवशी पाचोडला माझ्या मेव्हण्याच्या मुलीची हळद होती आणि सामान भरायचं होतं. हे झालं सांगायचं कारण. खरं हे की, डॉक्टरनं सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. आणि बायकोला सांगायचं म्हणजे तर जास्तच अवघड. "एवढ्या मोठ्यानं ऐकता, कान जातील एक दिवस," हे वाक्य ती इतकी वर्षं म्हणत आली होती आणि मी दर वेळी आवाज आणखी एक काटा वाढवत आलो होतो.

पाचोडला मेव्हण्याच्या मोसंबीच्या बागेला लागून मांडव टाकला होता. मी टेबल मांडलं, तारा जोडल्या. मेव्हणा येऊन खांद्यावर हात टाकून म्हणाला, "दाजी, आज दणकून वाजवा. एकच पोरगी हाय माझी." तो उजव्या बाजूनं आला होता. मी त्याला हात लागल्यावरच बघितलं आणि दचकून सुईच पाडली. तो हसला. "दाजी आत्ताच तंद्रीत गेले."

पहिला अर्धा तास मी एक गाणं संपवून, थांबून, दुसरं लावत होतो. नवरी हळदीनं पिवळी होऊन पाटावर बसली होती, तिथूनच ओरडली, "मामा, मधीमधी का थांबतंय? एकातून एक काढा की, तुमच्यासारखं!"

तुमच्यासारखं म्हणाल्यावर काय करणार. दुसऱ्या टर्नटेबलावर रेकॉर्ड ठेवली आणि सवयीनं हेडफोन उजव्या कानाला लावला. घूं. बाकी काही नाही. हेडफोन डावीकडं घेतला. येणारं गाणं ऐकू आलं, पण मांडव नाहीसा झाला. समोर बायका नाचताना दिसत होत्या, टाळ्या वाजताना दिसत होत्या, आणि त्या कशावर नाचतायत ते मला ऐकू येत नव्हतं. घामानं बोटं रेकॉर्डवरून घसरायला लागली. मी बायकांच्या पायांकडं बघून ठेका मोजला, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊन दुसरं गाणं सोडलं.

पंक्तीत दोन वाढपी भरल्या बादल्यांसकट एकमेकांवर आदळावेत तसं झालं. दोन ढोलक, दोन गायिका, सगळं एकमेकांच्या अंगावर. बायका थांबल्या. एक पोर रडायला लागलं. मग मांडवभर हशा पिकला. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "जावईबापूचं मशीन म्हातारं झालं आता." सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. हसता हसता सरळ एकच गाणं लावलं आणि जरा हवा खायला म्हणून टेबलामागं बागेच्या रस्त्यावर गेलो.

तिथं कुणीतरी माझी कॉलर धरून मला मागं खेचलं. मी बायकोच्या अंगावर जवळजवळ पडलोच. माझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावरून पाण्याच्या टँकरचं चाक मागं मागं जात होतं. ट्रॅक्टरवाला मान वळवून हॉर्न वाजवत होता आणि मला वाटत होतं हॉर्न डावीकडं, लांब, रस्त्यावर कुठं तरी वाजतोय.

"तीन हाका मारल्या," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "दहा पावलांवरून. तीन."

"गाण्यात होतो."

"बघू इकडं."

तिनं मला ओढत पाण्याच्या टाकीमागं नेलं. नवरीला हळद लावून आली होती, हात तसेच होते. तो पिवळा तळवा तिनं माझ्या डाव्या कानावर दाबून धरला आणि माझ्या डोळ्यांत बघत काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. मी बघत राहिलो. टाकीतून पाणी गळत होतं, मोसंबीचं पान हलत होतं, तिचे ओठ हलत होते आणि कशालाच आवाज नव्हता. तिनं हात काढला.

"काय म्हणाले मी?"

मी टाकीकडं बघायला लागलो.

"तुमचं नाव घेतलं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, उखाण्याबिगर. आणि मोठ्यानं घेतलं."

मग ती तिथंच टाकीला टेकून खाली बसली. "कधीपासून?"

"रविवारपासून."

"आणि तुम्ही त्या डबड्याचा कापूस काढत बसलात?"

मला वाटलं आता ते जुनं वाक्य येणार, कान जातील एक दिवस. मी खाली मान घालून थांबलो. ती उठली, पदराला हात पुसले आणि मांडवात जाऊन भावाला म्हणाली, "आम्ही निघतो. ह्यांना बरं नाही." मेव्हणा म्हणाला, "अगं पण वाजवायचं कोण?" ती म्हणाली, "मोबाईल लावा." माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा अपमान होता आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

गाडी तिनं चालवली. गेल्याच वर्षी शिकली आहे, आणि तिच्या चालवण्यावर मी केलेले विनोद सगळ्या नात्यात माहीत आहेत. त्या दिवशी केला नाही. वाटेतलं आडूळ गेलं, रस्ता मागं पडत होता, ती काहीतरी बोलत होती. ड्रायव्हरच्या डावीकडं बसलेल्याला ड्रायव्हर उजवीकडं असतो, हे मला त्या दिवशी समजलं. तिचे ओठ हलत होते. मी दर दोन मिनिटांनी "हां" म्हणत होतो. शेवटी तिनं गाडी बाजूला घेतली, माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडं वळवलं आणि म्हणाली, "हां हां करू नका. भीती वाटते मला."

कानाच्या डॉक्टर तरुण होत्या. आत दिवा टाकून बघितलं, दांडी आपटून वाजवलेला एक चिमटा कपाळावर टेकवला, वेगवेगळ्या जागी धरला. मग विचारलं, "कधीपासून?"

"रविवार."

"आज गुरुवार." त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं अचानक ऐकू येईनासं झालं की त्याच दिवशी यायचं असतं. जितका उशीर तितकी परत येण्याची शक्यता कमी. चार दिवस काय करत होतात?"

"स्पीकर दुरुस्त करत होतो," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. बायकोनं खुलासा केला. मी विचारलं, मोठ्यानं गाणी ऐकल्यानं झालं का? त्या म्हणाल्या, असं एका रात्रीत एकाच कानाचं होतं त्याचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. मोठ्या आवाजानं कान हळूहळू जातो, तो वेगळा. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण चार दिवस मीच घालवले होते, त्याला कारण शोधायची गरज नव्हती.

"येईल का परत?"

"सांगता येत नाही. काहींचं पूर्ण येतं, काहींचं थोडं, काहींचं येत नाही. औषध आजपासून."

मग तपासणी. काचेची एक छोटी खोली, त्यात मी, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं तपासणारी मुलगी. डाव्या कानाचं झटपट झालं. उजव्याचं सुरू झालं आणि मी घाबरलो. ऐकू येत नव्हतं, पण मन म्हणत होतं, आत्ताच वाजलं असेल. डाव्या कानाला ती ज्या लयीत आवाज सोडत होती ती लय माझ्या अंगात बसली होती. वाजलं, दोन तीन चार, वाजलं, दोन तीन चार. मी बटण दाबत गेलो. बरोबर समेवर. मला खरंच वाटत होतं की ऐकू येतंय.

दार उघडून ती आत आली. "काका, शेवटच्या सहा वेळा मी आवाज सोडलाच नव्हता."

मी बटण तिच्या हातात दिलं. इतका शरमिंदा मी हळदीतसुद्धा झालो नव्हतो. "परत घेऊ," ती म्हणाली, "आता मोजू नका." मोजू नका म्हणजे काय करू? आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

कागदावर डाव्या कानाची रेघ वर होती, उजव्याची पार तळाला, विहिरीत पडलेल्या पोहऱ्यासारखी.

पुढचे दिवस गोळ्या आणि कानाच्या पडद्यातून सुया. सुईची भीती वाटली नाही. भीती वाटायची सकाळची. डोळे उघडायच्या आधी मी उजव्या कानाजवळ दोन बोटं घासायचो. ऐकू येतंय का? नाही. तसाच पडून राहायचो. हॉलमधे गेलो की कपाटांकडं पाठ करायचो. एकदा एक रेकॉर्ड काढून खिडकीत धरली आणि भलताच विचार आला, डावाही गेला तर? मग ही दोन कपाटं म्हणजे नुसती बघायच्या वस्तू. रेकॉर्ड तशीच पाकिटात घातली. घरात गाणं बंद झालं. बायको भाजी चिरताना दोनदा येऊन बघून गेली की मी काय करतोय. मी काहीच करत नव्हतो, तेच तिला बघवत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बोटं घासली, काही नाही. उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, फ्रीजकडं उजवी बाजू करून उभा राहिलो आणि डाव्या कानात बोट घातलं. हे मी रोज वीसदा करायचो. त्या दिवशी उजवीकडं एक जाड, घोगरा आवाज होता. फ्रीजचा. मी हललोच नाही. बायकोनं मागून विचारलं, "काय?" मी हातानं गप्प राहा म्हणालो. फ्रीज बंद पडला, आवाज गेला. फ्रीज चालू झाला, आवाज आला. मी फ्रीजच्या दाराला कपाळ टेकलं.

नंतर एकेक परत आलं. दार आपटल्याचं, मोटरसायकलचं, माझं स्वतःचं बोलणं. शेवटच्या तपासणीला मी मोजलं नाही. रेघ वर आली होती, पण अर्धीच. जाड आवाज आले, बारीक राहिले. डॉक्टर म्हणाल्या, "इतके दिवस झाले. आता जे आलंय ते आपलं. बाकीचं येईल असं मी सांगणार नाही." मी विचारलं, बारीक म्हणजे काय काय? त्या म्हणाल्या, चिमण्या, पैंजण, सनईचं वरचं टोक, असलं. घूंही राहील, तिची सवय होईल.

घरी आल्यावर बायको सरळ कपाटाकडं गेली आणि एक रेकॉर्ड काढली. पाचही बोटं सरळ रेघांवर टेकवून धरली होती, जिथं डाग पडतात. इतर वेळी मी किंचाळलो असतो.

"ही लावा."

"नको."

"लावा म्हणते ना."

मी लावली. सुई दोनदा सरकली. आमच्या घराचा जुना नियम आहे, सुई खाली असताना हॉलमधे कुणी बोलायचं नाही. तिनं खुर्ची ओढली आणि माझ्या उजव्या हाताला, त्या स्पीकरच्या अगदी समोर बसली. गाणं सुरू झालं. ढोलक आला, बाजा आला, गाणाऱ्या बाईचा आवाज आला, मधोमध नाही, पण आला. आणि जिथं काहीतरी असायला हवं होतं, ते मला माहीत होतं, मी ते हजारदा ऐकलं होतं, तिथं जागा रिकामी होती. मी डोळे मिटून घेतले.

"अहो," ती म्हणाली.

मी उघडले नाहीत.

"इकडं ना, मागं कुणीतरी एकदम बारीक काहीतरी वाजवतंय. घुंगराचा एकच मणी असावा तसं. बाई श्वास घेते तेव्हा वाजतं." तिनं मान तिरकी करून ऐकलं. "आत्ता वाजलं. हे आधीपासून होतं का?"

"होतं," मी म्हणालो.

"मला कधी ऐकूच आलं नव्हतं." परत कान दिला. "आता वाजलं. आता... आता नाही. हां, आता."

मी तसाच बसून राहिलो. ती सांगत गेली आणि प्रत्येक वेळी एक क्षण उशिरा सांगत होती, ठेका चुकवून. सुई शेवटाला गेली आणि खरखरत फिरत राहिली. मी डोळे पुसले आणि सवयीनं आवाजाच्या बटणाकडं हात नेला.

"दुसरी लावा," बायको म्हणाली. "आणि तो वाढवू नका. मला येतंय ऐकू."